इन्शिराहची वाळू

रशीद गावाजवळ नील नदी समुद्राला मिळते, तिथे किनाऱ्याला लागून अंजिराची बाग होती. बाप गेला आणि ती दोघांवर आली, थोरला खमीस आणि बहीण इन्शिराह. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, हे धर्मानेच ठरवून दिलेलं. खमीसने तेवढाही दिला नाही. बापाच्या चाळिसाव्याचं जेवण उरकलं, तसा तो चार बुजुर्गांसमोर म्हणाला, "बाईच्या हाती बाग गेली की ती नवऱ्याच्या घरची होते. उख्ती, माझे बहिणी, तू मागची टेकाडं घे. भावाकडून भेट समज."

मागची टेकाडं म्हणजे नुसती वाळू. शेळ्यासुद्धा तिथून तोंड फिरवून जायच्या.

"वाळू कालव आणि भाकऱ्या थाप!" खमीसची बायको नगफा दाराआडून म्हणाली आणि आतल्या बाया खिदळल्या. इन्शिराहने ते हसणं मनात ठेवलं.

तेव्हा तिचं अडत नव्हतं. तिचा नवरा शतूरी समुद्रात सार्डिन मासे धरायचा. उन्हाळा सरता सरता पूर यायचा, तांबडं पाणी समुद्रात लांबवर पसरायचं आणि त्या गढुळावर माशांच्या झुंडी तुटून पडायच्या. मग वर असवानला मोठं धरण झालं. नील निवळली. पहिल्यांदा लोकांना अप्रूप वाटलं. नंतर कळलं, गाळ धरणातच बसला आणि गाळामागे येणारे मासेही संपले. शतूरी कामासाठी परक्या बंदरात गेला आणि तिथेच तापाने वारला. इन्शिराह भावाच्या दारी गेली. "बागेचा एक कोपरा दे. राबून खाईन."

"तुला वाळू दिलीय की," खमीस म्हणाला.

मग समुद्र आत यायला लागला. किनारा टिकून होता तो नदीच्या गाळाने. नवा गाळ येईना, जुना लाटांनी ओढून नेला. दर हिवाळ्यात 'मकनसा' यायची. कोळ्यांनीच त्या वादळाला झाडूवाली म्हणून ठेवलेलं नाव. ती बागेच्या कडेची झाडं झाडून न्यायची. वादळ ओसरलं की इन्शिराह काळी चादर लपेटून टेकाडावर येऊन बसायची. मुळं वर करून लाटांत लोळणारी अंजिरं डोळे भरून बघायची. घरी परतून त्या दिवशी चहात साखर जास्त घालायची.

गावात कुजबुज सुरू झाली, बहिणीचा तळतळाट लागला. खमीस घाबरला. गावच्या शेख बसयूनीला साक्षीला घेऊन तो तिच्याकडे आला.

"उख्ती, तुझा वाटा तुला देऊन टाकतो. तेवढा तळतळाट मागे घे."

"कुठला वाटा?"

"समुद्राकडचा."

समुद्राकडे आता पाण्याशिवाय काही नव्हतं. शेखने शरमेने मान खाली घातली.

"घेतला," इन्शिराह म्हणाली. "आता तुझा कधी जातो ते बघत बसते."

दोन हिवाळ्यांनी लाटा खमीसच्या घराच्या भिंतीला लागल्या. पोती भरून बांध घातला तरच घर टिकणार होतं, आणि पोत्यांत भरायची वाळू इन्शिराहची. खमीस गाढवगाड्या घेऊन आला. या खेपेला नगफाही आली आणि तिने नणंदेचे पाय धरले.

"ऊठ गं," इन्शिराह म्हणाली. "माझ्या भाकऱ्या व्हायच्यात अजून. तूच सांगितलंस ना, वाळूच्या थाप म्हणून?"

शेजारची उम्म हाशिम मध्ये पडली. "दे ना बाई. रक्ताचं नातं आहे."

"बाग वाटताना कुठे गेलं होतं रक्त?"

फावडं मांडीवर घेऊन ती टेकाडावर बसून राहिली. एकही गाडी भरू दिली नाही. मकनसा आली आणि घर बसलं. कमरेएवढ्या पाण्यातून गाद्या ओढणारा भाऊ तिने पाहिला. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. नाही वाटलं.

खमीस सासुरवाडीला, इदकूला गेला. बाग गेल्यावर समुद्र तिच्या टेकाडांना भिडला. टेकाडांच्या पायथ्याशी खणलेल्या तिच्या विहिरीचं पाणी खारट झालं, त्यावर पोटापुरती लावलेली कलिंगडं वेलावरच वाळली.

"तेव्हा बांध झाला असता, तर तुझी विहीर वाचली असती," उम्म हाशिम म्हणाली.

"ठाऊक आहे मला. तरी वाळू दिली नसती."

काही वर्षांनी इदकूहून निरोप आला, खमीस अखेरच्या घटका मोजतोय, माफी मागतोय. इन्शिराह गेली. खाटेभोवती नगफा, मुलगे, सुना. तिने खुर्ची खाटेजवळ ओढली.

"बाग कोणाची होती?"

"आपली," तो पुटपुटला.

"मोठ्याने. मुलांना ऐकू दे."

"आपली दोघांची होती. मी तुझं खाल्लं." खमीस रडायला लागला.

इन्शिराहने अंगावरची काळी चादर सारखी केली आणि ती उठली. थोरला मुलगा दारापर्यंत मागे आला. "आत्या, त्यांना माफ केलं एवढं तरी म्हण."

"बाग आण, मग म्हणते."

त्याच आठवड्यात खमीस गेला. ती मयताला गेली नाही.