वेलचीची चुंबळ

माझे सासरे तुळशीदास यांना जगात दोनच गोष्टी पटत नाहीत, डॉक्टर आणि फ्लॅट. आम्ही बोळिंजला सातव्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा ते म्हणाले, "लटकायचंच होतं तर वाडीत झाडं काय कमी होती?" निर्मळच्या वाडीत सोनचाफा आणि केळी पिकवत त्यांनी सत्तरी गाठली, पण आयुष्यात गोळी घेतली नाही, असं ते सगळ्यांना ऐकवतात. सासूबाई तेव्हा गालातल्या गालात हसतात. बाबांची प्रेशरची गोळी रोज सकाळी गुळाच्या खड्यात लपवून त्याच देतात.

बाबांच्या खांद्यावर पंचा कायम. पहाटे फुलं तोडून झाली की तोच पंचा पिळून, गोल गुंडाळून त्याची चुंबळ करायची, ती डोक्यावर आणि तिच्यावर फुलांची टोपली. टोपली टेम्पोत चढली की चुंबळ शेडमध्ये पडून राहते. दुपारी ती झटकून पुन्हा खांद्यावर. आमच्या लग्नाच्या फोटोत बाबांनी कोट घातलाय आणि कोटावर पंचा आहे.

आणि त्यांची लाडकी मांजर. वेलची केळ्यासारखी पिवळी, म्हणून नाव वेलची. उंदरांपासून केळी राखायला तिला आणलं होतं. उंदरांशी तिचं कधी वाकडं आल्याचं मला तरी आठवत नाही.

माझी मुलगी रिद्धी सात वर्षांची, आजोबांचं शेपूट. दर शनिवारी निर्मळला मुक्काम, आजोबांच्या मांडीवर बसून गप्पा. पण गेल्या वर्षापासून तिथून परतली की डोळे लाल, शिंकांवर शिंका आणि मग छातीतून शिट्टी. डॉक्टरांनी हातावर बारीक सुया टोचून तपासणी केली आणि सांगितलं, मांजराची ॲलर्जी.

"नुसत्या केसांची नाही," ते म्हणाले. "मांजर स्वतःला चाटतं. ती लाळ वाळते, कातडीच्या कोंड्याबरोबर उडते आणि जाईल तिथे चिकटते. पोरीचा दम वाढायला नको. मांजर असलेल्या घरात सध्या मुक्काम नको." शिवाय ओढायचा पंप दिला.

बाबा भडकले. "आमच्या सात पिढ्या मांजरांसोबत जेवल्या. कुणाला शिंक आली नाही! पोरीला तुमच्या लिफ्टची ॲलर्जी असेल." तरी त्यांनी वेलचीला साबणाने आंघोळ घातली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून घेतले. त्यावर हळद लावतानासुद्धा ते डॉक्टरलाच बोल लावत होते.

रिद्धीचं निर्मळ बंद झालं. इकडे ती रडून घर डोक्यावर घेई, तिकडे बाबांना जेवण जाईना. शेवटी दर रविवारी दुपारी ते सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवून आमच्याकडे यायला लागले. रिद्धी धावत जाऊन त्यांच्या कुशीत शिरायची, पंच्यात तोंड लपवायची. आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा शिंका सुरू झाल्या. पाठोपाठ शिट्टीही.

मी पंप शोधत होते आणि बाबांचा चेहरा निवडणूक जिंकल्यासारखा. "बघ जागृती! मांजर निर्मळला, शिंका बोळिंजला. आता तुझ्या डॉक्टरला विचार!"

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही डॉक्टरांची शंका आली.

सासूबाई पाण्याचा पेला खाली ठेवत शांतपणे म्हणाल्या, "अहो, वेलची दुपारी झोपते कुठे, ते सांगा ना हिला."

बाबा खांद्यावरचा पंचा सावरायला लागले.

"मी सांगते. यांच्या चुंबळीत. गोल जागा मिळते ना, महाराणी अंग चाटून झाली की तिथेच वेटोळं करून झोपते. मग हे तिला उठवतात आणि पंचा खांद्यावर टाकून इकडे येतात."

रिद्धी पंप ओढून दमून सोफ्यावर पडली होती. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग पंचा काढून त्यांनी तो गॅलरीत नेऊन ठेवला, हात धुतले आणि परत आले ते दारापाशीच उभे राहिले. "म्हणजे इतके दिवस मीच आणत होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. त्यांना चिडवायचं माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळून टाकलं.

पुढच्या रविवारी बेल वाजली. सासूबाई सरळ आत आल्या. बाबा दारातूनच बाथरूममध्ये गेले. साबण लावून आंघोळ केली आणि आमच्याकडे धुऊन ठेवलेले कपडे घालून बाहेर आले. कपडे म्हणजे माझ्या नवऱ्याचा, अनुजचा, ऑफिसच्या पिकनिकचा हिरवा टीशर्ट. छातीवर इंग्रजीत 'टीम लीडर'. खांदा मोकळा. रिद्धीने क्षणभर त्यांना ओळखलंच नाही.

"लांबूनच बघ आधी," ते म्हणाले. "शिंक येते का?"

रिद्धीने नाक वर केलं, वास घेतला आणि जोरात शिंकली. बाबा दोन पावलं मागे सरकून दारावर आदळले.

"ही फोडणीची होती, आजोबा!" रिद्धी म्हणाली. आत माझ्या कढईत मिरची तडतडत होती.

ती धावत जाऊन त्यांच्या मांडीवर चढली आणि तिने 'टीम लीडर'वर डोकं टेकलं. आम्ही सगळे वाट बघत थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही. ती शाळेतलं काहीतरी सांगत बसली.

बाबांचा हात सवयीने खांद्याकडे गेला, डोळे पुसायला. तिथे पंचा नव्हता. मग त्यांनी टीम लीडरच्या बाहीलाच डोळे पुसले.