एक बोट, दोन तास

त्या छोट्या प्रसूतिगृहात जनरेटर चालवणाऱ्या माणसाला सगळे अदमासकाका म्हणत. हजेरीपटावर त्यांचं वेगळं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावरच. कुणीही काहीही विचारलं, की काका आधी डोळे बारीक करत आणि मग म्हणत, "अदमासे..." पुढे आकडा येई, आणि तो बहुतेक वेळा जवळपास खरा ठरे.

बाहेरच्या बाकांवर किती माणसं बसली आहेत हे ते मोजत नसत. एका बाकावर चार, सहा बाकं, शेवटचं अर्धं रिकामं, म्हणजे बावीस. गच्चीवरची पाण्याची टाकी किती वेळात भरेल, चादरींचं गाठोडं किती किलोचं आहे, नवऱ्यांपैकी किती जण फोनवर बोलायला बाहेर जातील आणि किती जण रडतील, सगळ्याचा त्यांच्याकडे ठोकताळा तयार असे. घरी बायको म्हणायची, "तुमच्या अदमासानं भात टाकला तर एक तर शेजाऱ्यांना बोलवावं लागेल, नाही तर आपल्याला शेजारी जावं लागेल." काका म्हणत, "भाताचं सोड. भाताला भूक खोटं पाडते. यंत्राला भूक एकच असते."

यंत्राची भूक त्यांनी बारा वर्षांपूर्वी ठरवली होती. जनरेटरची खोली मागच्या अंगणात, पत्र्याची. भिंतीला लागून लोखंडी घोडीवर डिझेलची टाकी आडवी ठेवलेली, लांबट पिंपासारखी. वरच्या झाकणातून एक सपाट काठी आत सोडायची, तळाला टेकवायची, बाहेर काढून ओल कुठपर्यंत आली ते बघायचं. काठीवर काकांनी करवतीनं तीस खाचा पाडल्या होत्या, बोटाबोटाच्या अंतरावर. नोकरीला लागले तेव्हा वीस लिटरच्या कॅननं भरून त्यांनी पाहिलं होतं, एका कॅनला पातळी दीड बोटाला जरा कमी चढते. म्हणजे बोटाला चौदा लिटर. यंत्र तासाला सात लिटर पितं. एक बोट, दोन तास. हिशेब इतका सुटसुटीत होता, की नव्या नर्सला पहिल्या आठवड्यात पाठ होई.

बारा वर्षं तो चुकला नाही. दर शनिवारी डिझेलचा ट्रक येई आणि टाकी पंधरा-सोळा बोटांच्या खाली कधी जातच नसे.

त्या शनिवारी ट्रक आला नाही. त्याचा गिअरबॉक्स गेला होता. सोमवारी दुपारी चारपर्यंत पोचतो, असा निरोप होता. रविवारी वीज दिवसभर ये-जा करत होती. आणि सोमवारी पहाटे सहाला कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धूर सोडून बसला. काकांनी यंत्र चालू केलं, काठी घातली. सात बोटं. अकराला पुन्हा घातली. चार.

पाच तासांत अडीच बोटं उतरायला हवी होती. तीन उतरली होती. सकाळपासून चादरी धुण्याचं यंत्र चालू होतं, लिफ्ट चालू होती, तेवढा फरक पडणारच, असं काकांनी मनाशी म्हटलं आणि वर गेले.

वर डॉक्टरबाई आणि मोठ्या सिस्टर त्यांचीच वाट बघत होत्या. काचेच्या पलीकडे तीन नवजात बाळं होती. दोन वॉर्मरखाली, उबेत. तिसरं सगळ्यांत लहान, सव्वा किलोचं, त्याच्या नाकात नळ्या आणि शेजारी श्वासाला मदत करणारं यंत्र. त्या यंत्राला बॅटरी होती. नवी असताना अर्धा तास चाले. आता ती नवी नव्हती.

"काका, स्पष्ट सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिघांना मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं असेल तर आत्ता हलवते. हलवण्यात धोका आहे, विशेषतः या धाकट्याला. आणि माझ्यापुढे एक सिझेरियन आहे, ते थांबणार नाही. किती वेळ आहे?"

काकांनी डोळे बारीक केले. "चार बोटं आहेत, मॅडम. अदमासे आठ तास. सातपर्यंत."

"ट्रक चारला."

"तीन तास शिल्लक राहतात."

"मग नाही हलवत," असं म्हणून बाई हात धुवायला गेल्या. सिस्टर हसून म्हणाल्या, "काकांचं सात म्हणजे घड्याळाचं सात."

काका खाली आले, पण त्यांचं मन काही खाली बसेना. ते अर्धं बोट सलत होतं. वर सांगताना त्यांनी ते सांगितलं नव्हतं. अशा बारीकसारीक गोष्टी सांगत बसलं तर अदमास कसला, असंच ते नेहमी म्हणत.

साडेअकराला त्यांनी धुण्याचं यंत्र बंद करायला लावलं. बाराला काठी घातली.

सव्वातीन.

एका तासात अर्धं बोट जायला हवं होतं, पाऊण गेलं होतं. आणि आता दोष द्यायला चादरी नव्हत्या. त्यांनी काठी पुसली, पुन्हा घातली. सव्वातीन. खाली वाकून नळी गळते का पाहिलं, हात फिरवला, वास घेतला. नळी कोरडी होती. यंत्र नेहमीसारखं धडधडत होतं. डिझेल गळत नाही, यंत्र जास्त पीत नाही, मग बोटं का जातात?

ते टाकीकडे बघत उभे राहिले. बारा वर्षं रोज पाहिलेली टाकी. गोल, आडवी.

आडवी.

त्यांनी कॅननं मोजलं होतं तेव्हा टाकी मध्यावर होती. मध्यावर टाकीचं पोट रुंद असतं. तिथलं एक बोट म्हणजे चौदा लिटर. तळाशी ती निमुळती होत जाते. तिथल्या बोटाला चौदा लिटर कुठून येणार? खाचा सगळ्या सारख्या अंतरावर होत्या, पण डिझेल खाचा बघून बसत नव्हतं. टाकी उभी असल्यासारखा हिशेब त्यांनी बारा वर्षं केला होता आणि टाकी कधी तळाला न गेल्यानं तो बारा वर्षं बरोबर येत होता.

नोंदी ठेवायला त्यांच्याकडे चौकटीची वही होती. त्यांनी कोरं पान उघडलं, ग्रीसच्या डब्याचं झाकण त्यावर ठेवून पेन्सिलीनं गोल काढला. गोल वीस चौकोन रुंद भरला. टाकीची उंची तीस बोटं, त्यात सव्वातीन, म्हणजे इथे तळापासून दोन चौकोनांच्या जरा वर. त्यांनी वरचं 'जरा' सोडून दिलं, दोन चौकोनांवर आडवी रेघ मारली आणि रेघेखालचे चौकोन मोजले. अर्धेमुर्धे जोडून घेतले. एकदा चौदा आले, एकदा सतरा, मग सोळा. पूर्ण गोलात तीनशेच्या वर थोडे. म्हणजे विसावा हिस्सा.

भरलेली टाकी तीनशे चाळीस लिटरची. विसावा हिस्सा सतरा. यंत्राकडे जाणारी नळी तळापासून बोटभर वर बसवलेली, गाळ जाऊ नये म्हणून. ते तीन-चार लिटर कुणाच्याच कामाचे नाहीत. राहिले तेरा.

तेरा लिटर, तासाला सात. दोन तासही नाहीत.

काका जिन्यावरून धावले. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यावरून. वर सिस्टर काचेपाशीच होत्या.

"काय झालं? यंत्र बिघडलं?" सिस्टरनी विचारलं.

"यंत्र ठीक आहे. मी चुकलो. सात नाही. दोन."

"दोन काय?"

"दोन वाजेपर्यंत. त्याच्याही आधी, कदाचित."

"काका, तासापूर्वी तुम्ही आठ तास म्हणालात. आत बाईंनी पोट उघडलंय."

"म्हणालो. टाकी गोल आहे, सिस्टर. माझ्या लक्षात नाही आलं."

"टाकी गोल आहे हे बारा वर्षांनी लक्षात आलं?"

काकांनी वही पुढे केली. सिस्टरनी वही पाहिलीही नाही. त्या ऑपरेशनच्या दाराशी गेल्या, फटीतून दोन वाक्यं बोलल्या आणि तिकडून आलेली तीन वाक्यं घेऊन परतल्या. "वॉर्मरवाली दोघं आत्ता निघतील, नर्सबरोबर. धाकट्याबरोबर डॉक्टर लागेल. बाई एकपर्यंत मोकळ्या होतील. तोपर्यंत गाडी परत आली पाहिजे. आणि तुम्हाला विचारलंय, दोन वाजायचे तीन करता येतील का?"

"लिफ्ट, पंप, गिझर, ऑफिसचे एसी, सगळं बंद करतो. यंत्र तासाला पाच लिटरवर येईल."

"म्हणजे किती?"

काकांच्या ओठांवर 'अदमासे' आलं आणि तिथेच अडकलं. "कमीत कमी अडीच," ते म्हणाले. "त्यापुढचं मी सांगणार नाही."

बारा पंचवीसला अँब्युलन्स दोन बाळांना घेऊन निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "जायला अर्धा तास, यायला अर्धा, उतरवायला पंधरा मिनिटं. पावणेदोनला दारात." काकांनी मजल्यामजल्यावरची बटणं बंद केली. एका खोलीतल्या आजोबांनी पंखा बंद केल्यावर जाब विचारला, "पैसे भरलेत आम्ही, माहितीय?" काका म्हणाले, "माहितीय," आणि पुढच्या खोलीत गेले. एकला सिझेरियन झालं, मुलगी झाली, आई ठीक होती. बाई बाहेर आल्या त्या थेट काचेपाशी. काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत. तो एक शब्द आला असता तर बरं, असं काकांना वाटलं.

पावणेदोन झाले. गाडी नाही. दोन झाले. सिस्टरनी फोन लावला, ड्रायव्हर उचलेना. काका दर दहा मिनिटांनी खाली जात, काठी घालत आणि खाचांवर न विसंबता ओल चौकोनांच्या पानावर मांडून बघत. ग्रीसच्या झाकणाचे आता पाच गोल झाले होते, प्रत्येकात रेघ आधीच्याहून खाली. वर आले की सिस्टर भुवया उंचावत आणि काका नुसती मान हलवत. आहे. अजून आहे.

दोन वाजून पंधरा मिनिटांनी गाडी फाटकातून आत आली. "सिग्नल बंद आहेत सगळीकडे," ड्रायव्हर ओरडला, "चौकात माणसं भांडतायत, पुढं कुणी जाईना!" त्या गणितात काकांचा हात नव्हता, पण सिग्नलही विजेवर चालतात हे आपणच सांगायला हवं होतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. धाकट्याला हलवायला पंधरा मिनिटं लागली. नळ्या, यंत्र, ऑक्सिजनची बाटली, पुन्हा नळ्या. बाई चालता चालता बोट टेकवून त्याची छाती हलते का बघत होत्या. अडीचला गाडी निघाली.

त्यानंतर वाचवायला फारसं काही उरलं नव्हतं. नव्या बाळाला आईच्या अंगावर ठेवलं होतं, वरून ब्लँकेट. तरी काका यंत्रापाशी बसून राहिले. तीन वाजले, यंत्र चालू. तीन दहा. सिस्टर अंगणात आल्या. "म्हणजे दोन नाही, अडीच नाही, तीनही नाही. काका, दोन्ही वेळा चुकलात की!" त्या हसल्या, पण पूर्ण नाही.

"दुसऱ्यांदा मुद्दाम चुकलो," काका म्हणाले.

तीन वीसला यंत्र खोकलं, दोनदा उसळलं आणि थांबलं. ट्रक चार दहाला आला.

मधली पन्नास मिनिटं काका पत्र्याच्या खोलीत बसून होते आणि डोकं आपोआप चालत होतं, थांबवून थांबेना. बॅटरी अर्धा तास, तीही नवी असताना. राहिली वीस मिनिटं. एवढ्या लहान बाळाचा श्वास मिनिटाला चाळीस धरला तर आठशे. बॅटरी जुनी म्हणून निम्मी धरली तर चौदाशे. त्यांनी वही मिटली.

साडेपाचला डॉक्टरबाई परतल्या. धाकटं नीट पोचलं होतं, तिथल्या यंत्रावर होतं. पुढचं उद्या कळेल, असं त्या सिस्टरना म्हणाल्या. मग अंगणात आल्या.

"किती वाजता बंद पडलं?"

"तीन वीस."

"आणि ट्रक?"

"चार दहा."

बाईंनी टाकीकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. त्यांचं गणित काय चाललंय हे काकांना विचारावं लागलं नाही.

"सात म्हणाला होतात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"हो, मॅडम. आणि सकाळी अर्धं बोट जास्त उतरलं होतं. ते सांगितलं नव्हतं."

"का?"

"मला वाटलं, किरकोळ आहे."

बाईंनी मान हलवली. मान्य म्हणून की नको म्हणून, ते कळलं नाही. "आता किती आहे?"

"ट्रकच्या मीटरवर दोनशे लिटर उतरले. माझ्या काठीवर किती, ते विचारू नका."

"वीज अजून आली नाही. वरती चार बायका आहेत. दोनशे म्हणजे किती तास?"

काकांनी डोळे बारीक केले नाहीत. "लोड बघून यावं लागेल, मॅडम. प्रत्येक मजल्यावर जातो. अर्ध्या तासात सांगतो."

"अर्धा तास?"

"हो," काका म्हणाले आणि पेन्सिल शोधू लागले.