दरडोई कोळसा

आमच्या नंदाखालच्या घरात स्वयंपाकाच्या चुलीला झावळ्या आणि न्हाणीच्या चुलीला करवंट्या. दगडी कोळसा मी पाहिला होता तो विरार स्टेशनात, इंजिनाच्या मागे भरलेला, तोही लांबून. तरी इंग्लंडच्या एका माणसाच्या वाट्याला जास्त कोळसा येतो की आपल्या, हे मला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक होतं. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरी आल्यावरही शिकवायचे थांबायचे नाहीत.

आईने वाळवून ठेवलेल्या करवंट्या पळवून, फोडून ते अंगणात दोन ढीग मांडायचे. तुळशीपाशी इंग्लंड, विहिरीपाशी हिंदुस्थान. इंग्लंडचा ढीग मोठा आणि माणसं थोडी, म्हणून तिकडे फक्त धाकटे दोन भाऊ. आमच्याकडे ढीग लहान आणि खाणारी तोंडं फार: मी, मधले दोन भाऊ आणि शेजारची सगळी पोरं. मग भागाकार. इंग्लंडवाल्यांच्या ओंजळी भरून सांडायच्या, आमच्या हातात एकेक तुकडा. मी चिडायचे. "मलाच का नेहमी हिंदुस्थानात बसवता?"

"तू थोरली आहेस. कमी मिळालं तरी तू रडणार नाहीस," बाबा म्हणायचे. मी हमखास रडायचे.

आई मात्र वैतागायची. "तुमच्या दरडोईने पाणी तापत नाही," असं म्हणत ती दोन्ही देश एकाच सुपात भरून न्यायची.

'दरडोई' या शब्दाचं बाबांना वेडच होतं. फणस फोडला की दरडोई गरे, सुरमई आली की दरडोई तुकडा. आणि नियम असा, की जो पानावर हजर तोच भागाकारात. कुणी आजोळी गेलेला असला तर त्याचा वाटा आम्ही तिथल्या तिथे फस्त करायचो. आई कुरकुरली तर बाबा म्हणायचे, "गणिताला माया नसते." हे वाक्य आईला मुळीच आवडत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मला स्थळ आलं. मुलगा गिरीजचा, आमच्यासारखाच वाडीवाल्या घरातला, पण नोकरी बिहारात, कोळशाच्या खाणीवर मोजणीच्या कामाला. आमच्यात मुलगी द्यायची ती बैलगाडी संध्याकाळी परत येईल एवढ्या अंतरावर. हा तर दोन-दोन रात्री आगगाडीत काढायचा प्रवास. मला जायचं होतं, उघड सांगते. बघायला आला तेव्हा बाबांनी त्याला खाणीबद्दल इतकं विचारलं की पोहे गार झाले, आणि तो बिचारा हसून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत राहिला. तिथेच मला आवडला. शिवाय ज्या कोळशावरून लहानपणभर भांडले, तो एकदा जवळून बघायचाच होता.

आई नाही म्हणाली. बाबांनी तिला समजवायला नेहमीचीच युक्ती काढली. अंगणात करवंट्या मांडल्या आणि म्हणाले, "हे बघ, आपल्या देशाच्या वाट्याला थोडाच आहे. म्हणून तर तो नीट काढणारी शहाणी माणसं हवीत. आणि असा जावई..."

आई सूप घेऊन उभी होती. "इंग्लंडच्या बायकांच्या वाट्याला किती मुली येतात मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "माझ्या वाट्याला एकच आली. तिचा कसा करू भागाकार?"

बाबांचा हात करवंट्यांवर तसाच राहिला. मग आईनेच माझ्याकडे वळून विचारलं, "तुला जायचंय ना?" मी मान हलवली. ती खाली बसून करवंट्या सुपात भरायला लागली आणि भरता भरता म्हणाली, "मग बरोबर सुकेळी बांधून देते. तिकडे केळी कशी असतात देव जाणे." त्या दिवशी मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण ती हात रिकामे ठेवीचना.

वर्षभराने पहिल्या माहेरपणाला आले ती जुन्या लुगड्यात कोळशाचा एक भलामोठा खडा गुंडाळून. बाबांनी तो इतका वेळ हातात फिरवला की धोतर काळं झालं.

"डोंगरच्या डोंगर आहेत, बाबा," मी म्हटलं. "पण ज्या बायका तो टोपल्यांतून वाहतात, त्या घरी जाताना राखेच्या ढिगातले तुकडे वेचतात. त्यांच्या दरडोईचं काय?"

बाबांनी खडा खाली ठेवला. "ते भागाकारात दिसत नाही गं," म्हणाले आणि हात धुवायला विहिरीवर गेले.

दुपारी आईने सुरमई तळली. ताटातले तुकडे मोजून मी आईला म्हटलं, "माझ्यासाठी आज एक तुकडा वाढवलास ना?"

धाकटा भाऊ फिसकन हसला. "वाढवला कुठे? वर्षभर तेवढेच होतात. तुझा उरतो."

"मग खातं कोण?"

"मांजर. एकदा मी हात घातला तर बाबांनी अडवलं. म्हणाले, तो ताईचा आहे."

मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून भात कालवत होते. "जेव आता," ते म्हणाले. "आज कुठे भागाकार जुळलाय."