शिक्का मोडलेलं पाकीट

त्या सोमवारी सकाळी मी देवघरात दिवा लावला नाही. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, सोयरसुतक सोडलं तर असा दिवस कधी आला नव्हता. ज्योतिबाच्या तसबिरीकडे बघून मी मनात म्हणाले, मी तुझ्या दारात आले असताना माझ्या हातून हे होऊ दिलंस, आता तू आणि तुझं देवपण. राग देवावर आहे असं मी तेव्हा समजत होते. खरा राग स्वतःवर होता, पण स्वतःवर रागावून माणूस किती वेळ बसणार? देव बरा पडतो, उलट बोलत नाही.

आम्ही पेठ वडगावचे. मी घरी शिवणकाम करते, हे दूध संकलन केंद्रावर असतात. आमची एकुलती एक मुलगी अश्विनी कोल्हापुरात बीएस्सी झाली आणि जपानमधल्या एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी तिनं अर्ज केला. मातीचा अभ्यास करायला इतक्या लांब कशाला जायचं हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. पण तिची निवड जवळजवळ झाली होती. फक्त सहाही सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रती कॉलेजनं स्वतः पाकिटात बंद करून, झाकणावर शिक्का मारून द्यायच्या आणि ते पाकीट शुक्रवारपर्यंत तिकडे पोचायचं, एवढंच राहिलं होतं. त्या एका पाकिटासाठी पोरीनं तीन आठवडे कॉलेजचे हेलपाटे घातले. शनिवारी ते हातात आलं. "सोमवारी कुरिअरला टाकायचं हाय, आई. तवर जपून ठेव," म्हणाली आणि माझ्याकडे दिलं.

माझं जपणं म्हणजे देव. आमच्यात लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे उघडून ठेवतात, कुंकवाचं बोट कागदाला लावतात, मग बाकीच्या वाटतात. रविवार ज्योतिबाचा वार. अश्विनी मैत्रिणीकडे गेलेली बघून मी पाकीट पिशवीत घातलं आणि एसटीनं डोंगर गाठला. रांगेत उभी असताना मनात आलं, देवापुढे झाकलेलं कसं ठेवायचं? पोरीचे गुण त्यानं बघायला नकोत? पर्समध्ये दोरा कापायची छोटी कात्री असते. शिवण उसवावी तसं अगदी अलगद मी ते पाकीट वरच्या बाजूनं उघडलं. मधोमध शिक्का होता, त्याचे दोन भाग झाले. गुरवांनी कागद पायाशी ठेवले, वर चिमूटभर गुलाल टाकला आणि कागद परत दिले. मी चांगभलं म्हणाले. इतकी समाधानी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

घरी आल्यावर प्रसादाबरोबर ते पाकीट मी अश्विनीच्या हातात दिलं. ती बघतच राहिली. मग आहे तिथेच, फरशीवर खाली बसली.

"आई, हे फोडलंस तू?"

"देवापुढं बंद ठिवत्यात व्हय?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शिक्का मोडलेलं पाकीट तिकडे उघडूनसुद्धा बघत नाहीत, सरळ बाजूला टाकतात, एवढं तिनं हळू आवाजात सांगितलं. कागद बघितलेसुद्धा नाहीत, तसेच पाकिटात सरकवले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. हे आले, त्यांना कळलं. ते एवढंच म्हणाले, "देवाला बंद पाकीट वाचता येत न्हाय व्हय? फोडायचं कशाला?" माझ्याच मुलीची तीन वर्षांची मेहनत मी कात्रीनं कापली होती, तीही हसत हसत. रडूसुद्धा येईना.

सोमवारी कॉलेज उघडायच्या आधीच आम्ही दोघी दारात उभ्या होतो. परीक्षा विभागाच्या खिडकीत मात्र नेहमीचे कारकून नव्हते, एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. अश्विनीनं सगळं सांगितलं. नवीन पाकिटाला नवीन अर्ज, मग सह्या, म्हणजे पुन्हा तीन आठवडे, असं त्या नियम वाचून म्हणाल्या. मी खिडकीवर कपाळ टेकलं. त्यांचं लक्ष माझ्या गुलाबी झालेल्या नखांकडे गेलं.

"डोंगरावर गेलता व्हय काल?"

मी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला. "आना बघू हिकडं. मी हितली न्हवं, ग्रंथालयातली. मुलाणी माझं नाव. हितल्या कारकुनाची रजा म्हणून आज बसलोय. मला हितलं काम ठाव न्हाय, म्हणून समदं वाचूनच बघाय लागतंय."

त्या गुलाल झटकून एकेक कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचू लागल्या. मला वाटलं, आता वाचून काय उपयोग? पाचव्या सत्राच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा वर केला.

"मावशी, तुमचं नाव काय?"

मी सांगितलं.

"मग ही सुमन कोन?"

कागद त्यांनी आमच्याकडे फिरवला. विद्यार्थ्याचं नाव अश्विनी संभाजी पाटील, आमचंच. खाली आईच्या नावाचा रकाना होता, त्यात सुमन. दुसऱ्याच कुणाच्या तरी अश्विनीची ती गुणपत्रिका होती आणि त्या बिचारीचे दोन विषय राहिले होते. आमच्या भागात पाटलांना तोटा नाही, संभाजींनाही नाही, पण एकाच वर्षात, एकाच वर्गात असं व्हावं? अश्विनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वण होता. पाकीट बंदच गेलं असतं तर तिकडे नापासाचा कागद उघडला असता आणि इथे कुणाला पत्ताही लागला नसता. मी खिडकीचा गज धरला. मुलाणीबाईंनी खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली.

"ही चूक आमची हाय. आमच्या चुकीला अर्ज लागत न्हाय," म्हणाल्या आणि कागद घेऊन स्वतः प्राचार्यांकडे गेल्या. दुपारी तीनला नवीन पाकीट तयार होतं. या वेळी बंद करण्याआधी त्यांनी सहाही कागदांवरचं माझं नाव माझ्याकडूनच वाचून घेतलं. मी त्यांचे हात धरले तेव्हा म्हणाल्या, "माझं काय न्हाय वो, रजेवर दुसरं कुणी गेलतं."

राजारामपुरीत कुरिअरच्या दुकानासमोर अश्विनीनं ते पाकीट माझ्यापुढे धरलं. कपाळाला लावायला, हे मला कळलं. कालच्या एवढ्या घोळानंतर तिनं ते मला देऊ केलं, याचाच मला गहिवर आला. मी घेतलं नाही. म्हटलं, तू टाक. परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, पाचव्या सत्रात तुला खरे गुण किती पडले? तिनं सांगितले, विषयांची नावंही सांगितली. तीन वर्षांत मी ते एकदाही विचारलं नव्हतं. देवाला दाखवायला निघालेल्या बाईनं स्वतः कधी बघितलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

पाकीट वेळेत पोचलं. अश्विनी आता तिकडेच आहे. हा चमत्कार होता की योगायोग, यावर आमच्याकडे अजून वाद चालतो. हे म्हणतात, गुलाल नसता तर बाईंनी कागद मागून घेतलेच नसते. अश्विनी म्हणते, रजा नसती तर कुणी वाचले नसते. मी त्या वादात पडत नाही. माझी मोठी चूक कुणीतरी माझ्या हातून काढून घेतली आणि तिचं भलं करून परत दिली, एवढं मला पुरतं. आपण देवासाठी फार काही करायला जातो. कधी नुसतं उभं राहावं.

परवा तिचा फोन आला. पहिली परीक्षा होती. "आई, डोंगरावर जाशील?" थोडी भीतभीतच विचारत होती.

"जाईन की," मी म्हटलं. "रिकाम्या हातानं जाईन."