फाटकावरची राखण

आमच्या खाडीकाठच्या गावात कुणी गेलं की आधी गॉबनेटला बोलवायचं. मढं धुणं, आरसा झाकणं, घड्याळ बंद करणं, जिवाला वाट म्हणून खिडकी उघडणं, सगळं तीच बघायची. तोवर घरच्यांना रडूसुद्धा द्यायची नाही. आधी रडलात तर सैतानाची कुत्री जागी होतात म्हणे. कुणाची टाप होती तिच्यापुढे हुंदका काढायची!

मग तिचाच नवरा गेला. टाइग बिचारा लंगडा, त्यातून अंधाराला भलता भिणारा. नेमकी त्याच दिवशी डोंगरापलीकडच्या वाडीतूनही मयत निघाली. आमच्याकडे शेवटी पुरलेल्याला कबरस्तानाच्या फाटकावर राखण करावी लागते, पुढचं मढं येईपर्यंत, एकट्यानं. म्हणून दोन मयती आल्या की खांदेकरी पळत सुटतात. आमचेही पळाले. गॉबनेट मागून ओरडत होती, "पळा रे, त्याला तिथे एकटं उभं करू नका."

फाटकाशी आम्ही आधी पोचलो. तेवढ्यात पलीकडचे आले. पेटी एवढीशी, की बाप एकटाच बगलेत घेऊन धावत होता. गॉबनेटने आमच्या माणसांना हाताने अडवलं. "आधी लेकराला जाऊ द्या," म्हणाली. राखण टाइगवर आली.

त्यानंतर ती पार बदलली. त्या हिवाळ्यात गावात कुणी मरेल तर शपथ! ती आपली घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची चौकशी करायची. लोक तिला बघून दारं लावायला लागले. मला तेव्हा खोकला धरला होता. भर दुपारी येऊन चुलीपाशी बसली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"नेल, खोकला कसा आहे गं?"

"बरा आहे आता," मी खोटंच बोलले.

तिचा चेहरा पडला.

"त्याचा पाय फार दुखत असेल गं," म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या धुराड्यातून धूर दिसेना, म्हणून आम्ही गेलो. घड्याळ बंद, आरसा झाकलेला, खिडकी सताड उघडी. न्हाऊनधुऊन, मढ्याला घालतात तो तपकिरी झगा अंगात चढवून ती अंथरुणावर पडली होती. अंग गार. आता रडायला कुणाची आडकाठी नव्हती, पण कुणी रडलं नाही.

टाइग सुटला. आता फाटकावर गॉबनेट उभी असते. मी त्या वाटेने जात नाही. खोकला काही हटत नाही मेला.