बंद मशीनवरून आलेले आकडे

माझ्याआधी आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. रावेरला पत्र्याच्या दोन खोल्या. वडील, म्हणजे आबा, आणि मोठा भाऊ प्रकाश केळीच्या ट्रकमध्ये घड भरायचे. केळीचा चीक कितीही धुतला तरी जात नाही. आमच्या घरातल्या कपड्यांचे मूळ रंग मला आजही सांगता येणार नाहीत. भाऊ गणितात माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी विनय म्हणून म्हणत नाही, खरंच होता. दोघांना शिकवणं जमणार नव्हतं, म्हणून त्याने शाळा सोडली आणि मी धुळ्याला कॉलेजात गेले.

हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी मला अंगारे-धुपारेवाली समजू नये. गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी जायचे. आजही जाते.

नव्वदीच्या दशकाचा शेवट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी आणि धुळ्याचीच शबाना, अशा दोघींना मिळून होता. आकडा ओळखण्याचा खेळ. एका मशीनवर सर्व्हर, तो एक ते शंभरमधला आकडा मनात धरणार. दुसऱ्या मशीनवर क्लायंट, तिथून आपण अंदाज टाकायचा. सर्व्हर सांगणार — मोठा, लहान, की बरोबर. ऐकायला पोरखेळ... पण आमचा खेळ वेड्यासारखा वागायचा. बरोबर आकडा टाकला की ‘लहान’ म्हणायचा, आणि त्यानंतर काहीही टाका, ‘बरोबर’!

तीन आठवडे गेले. सरांनी एकदा कोड पाहिला आणि म्हणाले, “परवा बाहेरचे परीक्षक येतील. चालला नाही तर मी काही करू शकणार नाही.” म्हणजे वर्ष गेलं. आणि एक वर्ष आणखी शिकवण्याइतका दम घरात उरलेला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. मी शबानाला म्हटलंसुद्धा, “मी नापास झाले तर भाऊला तोंड दाखवणार नाही.”

“पहले खाना खा,” ती म्हणाली. “उपाशीपोटी कोण पास झालंय?”

परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मी सर्व्हरमध्ये एक ओळ वाढवली — जे काही येईल ते पडद्यावर छाप. तेवढ्यात लॅबचे शिपाई नाना आले. दुसरं मशीन त्यांनी बंद केलं, मधली केबल काढली, गुंडाळी करून टेबलावर ठेवली. “साहेबनी सांगेल शे, बठ्ठं आवरी ठेव. सकाळी परत जोडी दिसू.” सगळं आवरून ठेवायचं, सकाळी ते परत जोडून देणार; भांडायचं त्राणही नव्हतं. मी सर्व्हर नुसता सुरू करून पाहिला.

पडद्यावर शून्य आलं.

थोडं थांबून, दोन. मग तीन. चार. पाच...

मी शबानाकडे पाहिलं. ती माझ्या शेजारीच होती, दोन्ही हात डब्यात. समोरचं मशीन काळं. केबल टेबलावर. आकडे मात्र येतच होते, एका लयीत, जसं कुणी दमादमाने काम करतंय.

“एक कुठे गेला गं?” शबाना म्हणाली. “तुझ्या सर्व्हरने खाल्ला की काय?”

आणि मला एकदम ट्रक भरतानाची मोजणी आठवली. आमच्याकडे माल मोजताना पहिल्याला कुणी एक म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन... धान्य असो नाहीतर केळीचे घड. आणि माझा सर्व्हर आलेल्या मजकुराचा आकडा करायचा. अक्षरं आली की त्याच्या लेखी शून्य.

एक्केचाळीसपर्यंत आले. मग थांबले. आम्ही पाच-दहा मिनिटं पाहत बसलो. बेचाळीस आलंच नाही.

आता याला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्याच क्षणी मला माझी चूक दिसली. जोडणी झाल्याबरोबर आमचा क्लायंट आधी खेळणाऱ्याचं नाव पाठवायचा. सर्व्हर त्या नावालाच पहिला अंदाज समजून उत्तर द्यायचा, आणि तिथून पुढे प्रत्येक उत्तर एक पाऊल मागे. पहिल्याला आकडा समजायचं नसतं! नाव वेगळं वाचून घेतलं. नानांच्या हातापाया पडून केबल जोडली. खेळ चालला. शबानाने मला मिठी मारली.

साडेचारला कॉलेजच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. आबा होते, एसटीडी बूथवरून. “वंदे, भाऊ केळीच्या गाडीवरून पडला. जळगावले आणलं त्याले. पाठीले लागलं.”

“मी निघते.”

“निंघू नको. उद्याची परीक्षा देऊन ये. तो पडल्या पडल्या तेच बोलला.”

मी परीक्षा दिली. परीक्षकांनी काय विचारलं, मी काय बोलले, आठवत नाही. दुपारच्या एसटीने जळगाव गाठलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊच्या टोळीचे मुकादम बसले होते. मी काही विचारलं नव्हतं, तेच बोलायला लागले, “दुपारचा चहा झाला अन् नवी गाडी लावली. गाडीवर तोच, घड घेऊन मोजत होता. एक्केचाळीस म्हटला, अन् पाय सटकला.”

त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. तेव्हा वेळ तीच होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सरांना विचारलं तर म्हणाले, मेमरीतला कचरा असेल. कचरा ओळीने मोजत येतो का? आज मी याच क्षेत्रात नोकरी करते, आणि बंद मशीनवरून काही येत नाही एवढं मला कळतं. शबाना हा विषय काढू देत नाही. भाऊलाही एकदा विचारलं होतं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, “मले काय आठवते बाई? घड जड होता, बस.”

तो परत उभा राहिला नाही. नऊ वर्षं खाटेवर काढली आणि गेला.

त्या परीक्षेत मला फर्स्ट क्लास मिळाला. मी बी.एस्सी. झाले.