सुपडूची खूण

मी चौथी शिकलेला माणूस आहे. शुद्धलेखन तुम्ही सुधारून घ्या, मजकूर बदलू नका. तुमचा अंक आमच्या घरी सून वाचते. त्यातलं भुताखेतांच्या अनुभवांचं पान ती मला मोठ्याने वाचून दाखवते, आणि मी हसतो. पिंप्राळ्याच्या चौकात कोणी उतरवून टाकलेलं लिंबू मी उचलून घरी आणलंय आणि पोह्यांवर पिळून खाल्लंय. बायको दोन दिवस बोलली नाही, मला मात्र काही झालं नाही. तेव्हा भूतखेत मी आजही मानत नाही... पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं, ते कोणी समजावून सांगेल तर बरं, म्हणून लिहितोय.

मी जळगावच्या एका डाळमिलमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली वीस मुकादम म्हणून. मिलमधले लोक मला आबा म्हणायचे, आता घरातलेही म्हणतात. मूळ गाव चोपड्याकडचं. माझा धाकटा भाऊ सुपडू. माझ्यानंतरची दोन पोरं गेली, म्हणून हा झाल्या झाल्या आईने त्याला सुपात घालून देवाच्या पायांवर ठेवलं आणि नाव ठेवलं सुपडू. कानात बाळी घातली होती. ती एका वासराने ओढली आणि डाव्या कानाची पाळी फाटली. मी त्याला मिलमध्ये लावून घेतलं तेव्हा तो वीस-बावीसचा असेल.

मी नवा मुकादम झालो त्याच महिन्यात चाळणीच्या मशीनचा कोरा पट्टा गायब झाला. कोणीतरी सुपडूचं नाव घेतलं. शेठजींनी बठ्ठे चाळीस कामगार अंगणात उभे केले आणि मला विचारलं, "मुकादम, तू बोल. इसकी जिम्मेदारी लेता क्या?"

पट्टा गेला त्या वेळी सुपडू मिलमध्ये नव्हताच. माझा डबा विसरला होता, तो आणायला मीच त्याला घरी पाठवलं होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण चाळीस माणसं बघत होती. नव्या मुकादमाने पहिल्याच महिन्यात घरच्या माणसाची बाजू घेतली, असं झालं असतं. मी म्हणालो, "शेठजी, तुमची मिल, तुम्ही ठरवा."

सुपडूने माझ्याकडे बघितलं. "बरं भाऊ," एवढंच म्हणाला. संध्याकाळी घरी आलो तर त्याची पिशवी खुंटीवर नव्हती. या गोष्टीला चौतीस वर्षं झाली. पट्टा आठ दिवसांनी पोत्यांच्या थप्पीमागे सापडला. मी त्याला शोधायला गेलो नाही. येईल आपल्या पायाने, म्हणत राहिलो. दोष माझाच आहे, तो मी कोणावर ढकलत नाही.

आता मागच्या उन्हाळ्याचं. एका लग्नात माझा साडू भेटला, तो धुळ्याला असतो. जेवणाच्या पंगतीत सुपडूचा विषय निघाला, तेव्हा म्हणाला, "आबा, आमच्याकडे पारोळ्याच्या पुढे रस्त्यालगत एक आश्रम शे. बेवारस म्हातारे ठेवतात. त्यांची साईट शे म्हणे, तिच्यावर पाहा एकदा." त्याच्याकडे आश्रमाचं एक जुनं पत्रक होतं. त्यावरचा पत्ता त्याने लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवून दिला.

घरी सुनेला, म्हणजे वैशालीला, पत्रिका दिली. ती घरी बसून लॅपटॉपवर लोकांचे फॉर्म भरून देते. तिने पत्ता टाकला तर लाल त्रिकोण आला. खाली मराठीत लिहिलेलं, की तुमचं कनेक्शन खाजगी नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरायचा प्रयत्न करत असेल.

"माझ्याकडून काय चोरतील? कवळी?" मी म्हणालो.

"तुमची नाही आबा, माझी चोरतील. लोकांचे आधारकार्ड आहेत यात. मी नाही उघडणार."

"आश्रम चोर आहे का?"

"तसं नाही हो. प्रत्येक साईटचं एक सर्टिफिकेट असतं. ही साईट खरंच त्यांचीच आहे, असं तिसरा कोणीतरी लिहून देतो. ब्राउझर त्या तिसऱ्याला ओळखतो, म्हणून आपल्याला आत सोडतो. याच्या सर्टिफिकेटची मुदत संपलीय, कधीचीच. आता या साईटची हमी घेणारं कोणी नाही."

हमी घेणारं कोणी नाही... ती सहज बोलली.

मग मी तिला आमच्याकडची खुणेची पद्धत सांगितली. पूर्वी शेतातून घरी परक्या माणसाला काही आणायला पाठवलं, तर नुसत्या नावावर आई काही द्यायची नाही. आधी विचारायची, "खूण काय शे?" मग त्या माणसाने घरातल्यांनाच माहीत असलेली एखादी गोष्ट सांगायची. आमच्याकडे अमक्या दिवशी मांजर दुधात पडलं, असली काहीतरी. खूण पटली तर वस्तू मिळायची, नाहीतर माणूस हात हलवत परत.

"आबा, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजलं," वैशाली हसून म्हणाली. "इथे खूण पटत नाहीये. विषय संपला."

माझी आणि सुपडूची वेगळी खूण होती. मी अकरा वर्षांचा असताना आईने कोंबडीखाली रवणीला ठेवलेलं अंडं माझ्या हातून फुटलं. मार सुपडूने खाल्ला, चार वर्षांचा होता. त्याने माझं नाव सांगितलं नाही. पुढे मी कोणाला त्याच्याकडे पाठवलं की तीच खूण द्यायचो — अंडं कोणी फोडलं, एवढं विचारायचं. उत्तर आम्हा दोघांनाच माहीत. हे मी वैशालीला त्या दिवशी सांगितलं नाही. बायकोला तर जन्मात सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैशाली शिवणाचे कपडे आणायला गेली. मुलगा कामावर, बायको शेजारी पापड लाटायला. लॅपटॉप उघडाच होता. मी हट्टी माणूस आहे. एकेक अक्षर शोधून पत्ता टाकला, त्यातच वीस मिनिटं गेली. लाल त्रिकोण आला. खाली मोठं निळं बटण होतं — सुरक्षिततेकडे परत. बाजूला बारीक अक्षरात 'प्रगत' होतं, ते दाबलं. आणखी मजकूर उघडला, आणि सगळ्यात खाली त्याहून बारीक ओळ — पुढे जा, असुरक्षित. ती दाबली.

पान उघडलं. वर लिहिलेलं, 'ओळख न पटलेले'. खाली फोटो, एका रांगेत तीन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला स्पष्ट दिसतं, हे आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या रांगेत कडेला एक म्हातारा होता. डोकं भादरलेलं, गाल बसलेले, डाव्या कानाची पाळी फाटलेली. खाली दोन ओळी —

नाव: सांगत नाही.
माहिती: काहीही विचारले तरी एकच उत्तर देतो, "अंडं भाऊनी फोडं, मी नही."

मी किती वेळ बसलो ते माहीत नाही. पान कसं जपून ठेवतात ते मला येत नव्हतं. कागदावर उतरवून घ्यावं हेही सुचलं नाही. उठलो तर ते जाईल असं वाटत होतं, म्हणून पाणी प्यायलाही उठलो नाही. स्क्रीन आपोआप काळी झाली, तरी मी समोर बसून राहिलो.

वैशाली आली. माझं तोंड बघून काही न विचारता तिने लॅपटॉप जागा केला. लाल त्रिकोण. या वेळी तिने स्वतः 'पुढे जा' दाबलं. पांढरं पान आलं — इथे काही सापडत नाही. पुन्हा केलं, पुन्हा पांढरं. मग तिने आधी काय काय उघडलं होतं त्याची यादी काढली. त्यात दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांची नोंद होती, आणि तिच्यासमोर लिहिलेलं, ओळख न पटलेले.

"म्हणजे तुम्ही काहीतरी पाहिलं आबा," ती हळू म्हणाली. संध्याकाळी तिने साईट बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, त्या पत्त्यावर कित्येक वर्षांत काही नाही. दार तेवढं उभं आहे, मागे घर नाही.

मुलगा म्हणाला, "आबा, उन्हाची डुलकी लागली असेल तुम्हाला."

"डुलकीत यादीमध्ये नोंद होते का रे?"

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी सकाळच्या बसने निघालो. पारोळा गेल्यावर कंडक्टरला सांगून फाट्यावर उतरलो. आश्रम होता. दहा-बारा खोल्या, पुढे कडुनिंब, व्हरांड्यात म्हातारे तूर निवडत बसलेले. मी प्रत्येकाचा डावा कान बघत गेलो. नव्हता.

तिथलं सगळं एक बाई बघतात, त्यांना सगळे अक्का म्हणतात. मी साईटचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "होती एकदा. कोणीतरी हौसेने करून दिली होती, वर्षभरात बंद पडली. पण तिच्यावर आम्ही कोणाचा फोटो कधीच टाकला नाही. म्हाताऱ्यांनाही लाज असते ना आबा."

मी वर्णन सांगितलं. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं.

"असे एक होते. धुळ्याच्या स्टँडवरून आणलेले. दोन वर्षं राहिले, चार वर्षांपूर्वी गेले. डोक्याला कायम मफलर, त्यामुळे कानाचं मला सांगता येणार नाही."

"ते काय बोलायचे?"

"बोलायचे नाहीत. लकव्यात वाचा गेलेली, आले तेच मुके. दोन वर्षांत त्यांच्या तोंडचा एक शब्द मी ऐकला नाही."

मुलाने विचारलं, "अक्का, आणखी काही आठवतं?"

"डाळ निवडायला बसवलं की हात असा चालायचा, की चौघांचं काम एकटे करायचे."

मी मुलाकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "आबा, जळगाव-धुळ्यात डाळ निवडलेले हात किती असतील... त्यावरून कसं म्हणायचं?"

त्याचं बरोबर होतं. रजिस्टरमध्ये फोटो नव्हता. नावाची जागा रिकामी, नातेवाइकाची जागा रिकामी. अस्थी पांझरा नदीत सोडलेल्या. अक्कांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"तुमचे भाऊच असतील तर नाव लिहा, नातं लिहा, सही करा. म्हणजे ते बेवारस राहणार नाहीत. पण खात्री असेल तरच आबा. हे पुन्हा खोडता येत नाही. खात्री आहे का?"

व्हरांड्यातले म्हातारे हात थांबवून माझ्याकडे बघत होते. चौतीस वर्षांपूर्वीही असंच विचारलं होतं. तेव्हा मला पक्कं माहीत होतं आणि मी बोललो नव्हतो. आज मला काहीच माहीत नव्हतं. माझ्याकडे पुरावा म्हणाल तर एक पान, जे उघडण्याआधीच मशीन सांगत होतं की यावर विश्वास ठेवू नका. मुलाने माझा हात धरला. "आबा, थांबा. आधी चौकशी करू."

मी म्हणालो, "हो, खात्री आहे. माझा भाऊ आहे. याची जबाबदारी माझी."

नाव लिहिलं सुपडू. नातं, सख्खा भाऊ. सही केली. सही करायला मला नेहमी वेळ लागतो, त्या दिवशी जास्त लागला. अक्कांनी चहा दिला, तो मी घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये एरंडोलच्या जवळपास माझ्या मनात आलं, आणि तेव्हापासून ते गेलेलं नाही. तो माणूस सुपडू नसेल तर? मग मी एका परक्या माणसाला माझ्या भावाचं नाव दिलं, आणि जिवंत भावाला स्वतःच्या हाताने मेलेल्यांत लिहिलं. उद्या तो कुठे सापडला आणि कोणी रजिस्टर तपासलं, तर म्हणतील, सुपडू तर गेला, सख्ख्या भावाची सही आहे. आणि तो माणूस सुपडूच असेल, तर ज्याला वाचा नव्हती त्याची खूण त्या पानावर कोणी लिहिली? मी विचारलं सगळ्यांना. साडूला विचारलं, साईटवाल्याला पुन्हा विचारलं, अक्कांना दोनदा फोन केला. अंड्याची गोष्ट कोणालाच माहीत नाही. आता तुम्हाला झाली.

रोज दुपारी दोन वाजता वैशाली आपलं काम बाजूला ठेवते, लॅपटॉप माझ्यासमोर सरकवते आणि आत निघून जाते. ती आता मला अडवत नाही. पत्ता मी स्वतः टाकतो, आताशा पाच मिनिटांत होतो. लाल त्रिकोण येतो. माहिती चोरतील म्हणून सांगतो. मी 'प्रगत' दाबतो, मग खालची बारीक ओळ दाबतो. पांढरं पान येतं. ते थोडा वेळ बघतो आणि झाकण लावतो.

निळं बटण मी एकदाही दाबलेलं नाही.